भाजून खाल्लेला प्रबंध

नगर जिल्ह्यात मी गेल्या तीन वर्षांत इतक्या वेळा गेले, पण त्याबद्दल लिहावं असं कधी डोक्यात आलं नाही. आमच्यासारखी माणसं फिल्डवर जातात तेव्हा ती प्रवासाला गेलेली नसतात, कामाला गेलेली असतात. परत आल्यावर ती प्रवासखर्चाचं बिल लिहितात, प्रवासवर्णन नाही. या जानेवारीत मात्र बिल लिहायची सोयच नव्हती, म्हणून वर्णन लिहिते आहे.

मी पुण्याच्या एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझी विद्यार्थिनी वैशाली हुरड्याच्या ज्वारीवर प्रबंध करते. पाथर्डीच्या पलीकडे डोंगराच्या कडेला एक वस्ती आहे. तिथं एका घरात एक गावठी ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या पेरली जाते. तिला नावसुद्धा नाही, घरातले लोक तिला नुसतं ‘आपली’ म्हणतात. त्या ज्वारीची सलग तीन हंगाम मोजमापं घ्यायची, निवडलेल्या ताटांचं बी राखायचं आणि ती कशी बदलते ते पाहायचं, असं काम. केंद्र सरकारनं तीन वर्षांसाठी प्रकल्प मंजूर केला. दोन वर्षं पैसे आले. तिसऱ्या वर्षी फोन केला की पलीकडून कळायचं, प्रस्ताव विचाराधीन आहे. मग तो प्रक्रियेत गेला. मग अंतिम टप्प्यात आला. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो पुन्हा विचाराधीन झाला. ज्वारीला यातलं काही कळत नाही. तिला थंडी पडली की निसवायचं, कणीस बाहेर टाकायचं, एवढंच ठाऊक असतं, आणि ती वेळेवर निसवली.

तेव्हा आम्ही दोघी आपापल्या पैशानं निघालो.

नगरपर्यंत

पहिली दोन वर्षं विद्यापीठाची जीप होती. यंदा एसटी. बायकांना अर्धं तिकीट असतं हे मला ऐकून माहीत होतं, पण कंडक्टरनं प्रत्यक्ष हातात ठेवलं तेव्हा मी वैशालीला म्हटलं, “घे, या वर्षी सरकारकडून मिळालेलं हे आपलं पहिलं अनुदान.” तिनं ते जपून वहीत ठेवलं.

अडचण होती ती आमच्या मोजकाठीची. ताटांची उंची मोजायला तीन मीटरचा एक रंगवलेला बांबू आहे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. जीपच्या टपावर तो निमूट पडून यायचा. एसटीत तो कुठूनही आत घातला तरी कुणाच्या तरी कानाशी निघायचा. शेवटी ड्रायव्हरच्या मागून तिसऱ्या बाकापर्यंत आडवा टाकला आणि ज्यांच्या ज्यांच्या मांडीवरून तो गेला त्या सगळ्यांची मी माफी मागितली. एका आजोबांनी तो शिरूरपर्यंत मांडीवर धरला आणि उतरताना विचारलं, “कंच्या देवाची काठी म्हनायची ही?” विद्यापीठाची, असं सांगितल्यावर त्यांनी तरीही हात जोडले.

बसच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलं होतं आणि कंडक्टर ‘नगर नगर’ ओरडत होता. दोन्ही नावांनी बस एकाच ठिकाणी पोचते, हे एक बरं.

सुप्याच्या आसपास वैशाली एकदम म्हणाली, “मॅडम, मला एक ऑफर आलीये.” छत्रपती संभाजीनगरच्या एका बियाणं कंपनीत नोकरी. पगार बरा, राहायची सोय. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं. आमचा प्रवास चालला होता गुरुवारी.

वैशाली तीस वर्षांची आहे. वाईजवळच्या एका गावातून आलेली, हुशार, बोलायला कमी, आणि कामात अशी की मोजलेलं ताट पुन्हा मोजते. तिची शिष्यवृत्ती गणपतीपासून थांबली होती. दिवाळीनंतर ती सकाळी दोन घरी शिकवण्या घ्यायला लागली, हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. हा विषय तिला मी दिला होता. तिसऱ्या हंगामाची नोंद मिळाली तर प्रबंध पुरा होत होता, आणि मग नोकरी घेतली काय नि नाही काय, तीन वर्षं पदरात पडत होती. नोंद हुकली तर सगळंच पाण्यात.

“या वेळची मापं घेऊन टाकू,” मी म्हटलं. “मग ठरव.”

हे उत्तर नव्हतं. तिला ते कळलं आणि ती खिडकीबाहेर बघत बसली. मी मोजकाठी सावरली.

वस्तीवर

करंजीचा घाट चढला की हवा बदलते. मागचं ऊसबिस सगळं मागेच राहतं, डोंगर बोडके होतात, आणि रस्त्याच्या कडेला पाण्याच्या टाक्या वाहणारे टेम्पो दिसायला लागतात. वस्तीचं नाव मी मुद्दाम देत नाही. हुरड्याच्या वासावर पुण्याहून माणसं तिथं पोचली, तर वर्षाच्या आत ‘अनलिमिटेड हुरडा, लहान मुलांसाठी उंटाची सफर’ अशी पाटी लागेल. आमच्या पुण्यात हुरडा असाच मिळतो. हाताला बँड बांधतात, शेतकऱ्याचा फेटा घालून वेटर उभा असतो, आणि कणसं कुठून आली हे त्यालाही माहीत नसतं.

पाथर्डीच्या स्टँडवर त्या ज्वारीच्या घरचे आसारामभाऊ मोटरसायकल घेऊन आले होते. आम्ही दोघी, दोन पिशव्या आणि मोजकाठी बघून त्यांनी गाडी तिथंच एका दुकानापुढं लावली आणि ओळखीचा टेम्पो थांबवला. काठी मात्र त्यांनी स्वतः उभी धरली. येणारेजाणारे आमच्याकडे फार आदरानं बघत होते.

वस्तीवरची निम्मी घरं बंद होती. दसरा-दिवाळी झाली की ही माणसं ऊस तोडायला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. दारांना बाभळीच्या फांद्या लावलेल्या होत्या. आसारामभाऊंच्या विहिरीला थोडं पाणी आहे, म्हणून ते आणि त्यांची बायको शोभाताई मागे राहतात. सगळ्या भावकीच्या शेळ्याही सांभाळतात. शोभाताई पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की समोरच्या डोंगरावरच्या माणसाला फोन करायची गरज पडू नये.

“आदी खायाचं,” त्यांनी दारातच सांगितलं. “तुमची मापं कुटं पळून चालली न्हाईत.”

वैशालीला आधी शेतात जायचं होतं. ती म्हणालीसुद्धा, “ताई, उजेड आहे तोवर दहा-बारा ताटं तरी मोजून घेते.” पण आगटी पेटली होती. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा लाल निखारा, भोवती पोती अंथरलेली. वस्तीवर जी काही आठ-दहा माणसं शिल्लक होती ती सगळी येऊन बसली होती. एका सुपात शेंगदाण्याची चटणी, एका वाटीत लसणाची, गुळाचे खडे, दही. आणि टोपलीत कणसं, हिरवी, दुधाळ, भरलेली. अशा वेळी शास्त्र बाजूला ठेवावं लागतं. निदान मी तरी लगेच ठेवलं.

कणीस निखाऱ्यात खुपसायचं, देठ धरून फिरवत राहायचं, वास सुटला की बाहेर काढायचं आणि चटका सोसत तळहातावर चोळायचं. हे चोळणं शोभाताईंनीच करायचं, पाहुण्यानं फक्त ओंजळ पुढं करायची. मला चोळायला दिलं नाही. “तुमचे हात पुस्तकाचे,” त्या म्हणाल्या. माझ्या ओंजळीत हिरवा, गरम, मऊ दाणा पडत राहिला आणि मी खात राहिले. खोटं कशाला बोलू, असा हुरडा मी जन्मात खाल्ला नव्हता. पहिल्या दोन वर्षांतही खाल्ला होता, पण तो असा नव्हता.

“यंदा फारच गोड आहे हो,” मी म्हटलं.

“आसनारच,” शोभाताई म्हणाल्या. “निवडून राखल्याला हाय.”

आसारामभाऊ मान हलवत होते. महिनाभर त्यांनी गोफण घेऊन पाखरं हाकलली होती. जावई संक्रांतीला येऊन गेले, त्यांनाही यातलं एक कणीस दिलं नव्हतं. जावयाला नाही म्हणणं म्हणजे केवढी गोष्ट, हे मला ठाऊक होतं. मी भारावून आणखी दोन कणसं खाल्ली. वैशालीनंही सहा-सात खाल्ली असतील. ती हसत होती. नोकरीचं, शनिवारचं सगळं विसरलेली दिसत होती.

मग शोभाताई उठल्या, घरात गेल्या आणि एक छोटी घडी घेऊन आल्या. ती त्यांनी वैशालीच्या मांडीवर ठेवली.

“ह्या घे बाई तुज्या चिंध्या. धुऊन ठिवल्यात. फुडल्या वर्साला हुतील.”

लाल सुती कापडाच्या पट्ट्या होत्या. नीट धुतलेल्या, वाळवलेल्या, एकावर एक ठेवलेल्या.

वैशालीनं ओंजळीतला हुरडा खाली ठेवला.

काय झालं होतं ते सांगते. मोजायच्या ताटांना आम्ही दोन वर्षं पिवळ्या प्लास्टिकच्या चिठ्ठ्या बांधत असू, त्यांवर क्रमांक असे. यंदा त्या मागवायला पैसे नव्हते. म्हणून डिसेंबरात वैशाली एकटी येऊन आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून बांधून गेली. कोणत्या सरीतलं कितवं ताट ते वहीत लिहून ठेवलं. चाळीस ताटं, उत्तम निवडलेली. आणि त्या वस्तीवरची पद्धत अशी, की पाहुण्यासाठी राखायच्या हुरड्याच्या ताटांना लाल चिंधी बांधतात. म्हणजे येणारीजाणारी माणसं ते कणीस खुडत नाहीत.

“आमी म्हनलं,” शोभाताई कौतुकानं सांगत होत्या, “मॅडमची पोरगी लई हुशार. आपला हुरडा आपल्या हातानं राखून गेली. नायतर पिवळ्या चिठ्या सोडून लाल चिंध्या कशाला बांदल्या असत्या तिनं?”

मी टोपलीत बघितलं. दोन कणसं उरली होती. बाकीचा प्रबंध आम्ही सगळ्यांनी मिळून, चटणी लावून खाल्ला होता. सगळ्यात जास्त त्याच्या मार्गदर्शिकेनं खाल्ला होता.

मला हसू आलं, आणि लगेच त्याची लाज वाटली. वैशाली हसली नाही. ती उठली, “आलेच” म्हणाली आणि शेताकडे गेली. मी तिच्या मागे गेले. ताटं उभी होती, कणसं विळ्यानं अगदी स्वच्छ कापलेली होती. ती सरीसरीतून वही घेऊन फिरली आणि प्रत्येक क्रमांकापुढं फुली मारत गेली. मी नुसती उभी राहिले. हुरड्याचा दाणा कोवळा असतो, तो बी म्हणून उगवत नाही. बाकीच्या शेतात पुष्कळ ताटं होती, पण ज्यांची डिसेंबरपासून नोंद होती ती हीच.

परत आलो तेव्हा शोभाताईंना कुणी सांगावं लागलं नाही.

“इपरीत झालं व्हय आमच्या हातून?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, होतं असं. पण त्या तशा फसणाऱ्या नव्हत्या. मग मी सगळं सांगितलं. तीन हंगाम, न येणारे पैसे, शनिवार. सांगताना माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी इतक्या सरळ भाषेत कुठल्याच कार्यालयात सांगितलं नव्हतं. शोभाताई ऐकत होत्या. आसारामभाऊ गोवऱ्या उगीच खालीवर करत होते.

“म्हंजी सरकारनं चिठ्या दिल्या आसत्या, तर आमी खाल्लं नसतं,” ते म्हणाले.

अनुदान थांबल्याचे परिणाम काय होतात यावर मी दोन टिपणं लिहून पाठवली आहेत. एवढं नेमकं एकातही आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी हुलग्याचे शेंगोळे होते. एरवी मी त्यावर अर्धं पान लिहिलं असतं. कुणाचंच जेवण झालं नाही. ताटं उचलताना शोभाताई म्हणाल्या, “सुनीताकडं हाय की.”

सुनीता म्हणजे त्यांची थोरली मुलगी, नेवाशाकडे दिलेली. आपल्याला हुरडा मिळाला नाही म्हणून रुसलेले जावई जाताना म्हणाले होते, ठेवा तुमचा हुरडा, आमच्या बांधाला बी तुमचीच ज्वारी हाय.

“ताई, ती दुसरी माती, दुसरं पाणी. ते चालणार नाही,” वैशाली हळू आवाजात म्हणाली.

“चालू नको दे. लेकीला भेटून तर यीन मी,” शोभाताई म्हणाल्या. “तुमास्नी हितं तोंड पाडून बसल्यालं मला बगवायचं न्हाई.”

प्रवरेकाठी

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघी निघालो. आई लेकीकडे जाताना रिकाम्या हातानं जात नाही, हे आमच्याकडेही आहे; पण आमच्याकडे एक डबा पुरतो. शोभाताईंनी एक पोतं घेतलं. त्यात बाजरी, हुलगे, शेंगा, पापड, गोवऱ्याही होत्या. “तिकडं गॅस हाय, पन गोवरी चांगली मिळत न्हाई,” असं त्यांनी समजावलं. पोतं आणि मोजकाठी घेऊन शेवगावला बस बदलताना जी काय धांदल झाली ती मी गाळते. एवढंच सांगते की काठीचं वरचं टोक आता त्या बसमध्ये आहे आणि माझी काठी दोन मीटर नव्वदची आहे.

शेवगाव सोडलं की कालवे दिसायला लागतात, जमीन काळी होते, आणि बघता बघता दोन्ही अंगांना ऊस. पाथर्डीकडे ज्यांची दारं बंद होती त्यांच्यापैकी कुणी इथंच कुठं कोयता घेऊन उभं असेल. शोभाताई खिडकीतून प्रत्येक टोळीकडे निरखून बघत होत्या. त्यांच्या जावेची टोळी या भागात होती, पण दिसली नाही.

सुनीताचं घर प्रवरेपासून हाकेच्या अंतरावर. तिचे यजमान बाळासाहेब ओसरीतच बसले होते. सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळले.

“या मॅडम. तुमच्यामुळं आमाला सासुरवाडीतून उपाशी यावं लागलं.”

“आम्ही खाल्लं ते चुकूनच,” मी म्हटलं.

गोष्ट कळल्यावर ते इतके हसले की त्यांच्या वडिलांना, नानांना, आतून बाहेर येऊन काय झालं ते विचारावं लागलं. नानांच्या तोंडात एकही दात नाही. तेही हसले. मला वाटतं वैशालीचा राग तिथं थोडा उतरला, कारण बाळासाहेबांच्या मनात खरोखर काही उरलं नव्हतं. माणसाचा रुसवा असा धडधडीत निघून गेलेला बघितला की आपल्यालाही बरं वाटतं.

उसाच्या कडेनं बांधावर ज्वारीच्या दोन सऱ्या होत्या. ‘आपली’च, पण बघून ओळखू येईना. ताटं वस्तीवरच्यापेक्षा हातभर उंच, पानं रुंद, कणीस भरगच्च. शोभाताईंनी एक कणीस तिथंच हातावर कच्चंच चोळलं, चार दाणे तोंडात टाकले आणि विचार करून म्हणाल्या, “ग्वाड हाय. पन आपलीवानी न्हाई.”

“आये, आता ही माजी हाय,” सुनीता म्हणाली. “हितं समदी हिला आईची म्हनत्यात, पन निवडती मी.”

“काय निवडती? कनीस कसं गच झालंय बघ. पाखरानं दाना काडायचा कसा?”

“पाखरासाठी पेरती का मी?”

मायलेकींची जुंपली. शोभाताईंचं म्हणणं, बियाण्याला कणीस निवडायचं ते चिमणी आधी कुठं बसते ते बघून, तिला कळतं. सुनीताचं म्हणणं, सासऱ्यांना दात नाहीत, त्यांना जो दाणा नुसत्या हिरड्यांनी खाता येतो त्या ताटाचं बी ठेवायचं. दरवर्षी ती चार-पाच ताटांचा हुरडा आधी नानांना देऊन बघते. नाना ज्याला मान हलवतील ते ताट राखायचं.

वैशाली इतका वेळ बांधावर बसून होती. ती उभी राहिली.

“सुनीताताई, हे बी इथं कधी आलं?”

“लग्नात. आमच्यात लेकीच्या ओटीत बी घालत्यात घरच्या ज्वारीचं. सासरी पयल्या वर्षी पेरायचं आसतं.”

“मग नंतर आईकडून परत आणलं का कधी?”

“न्हाई बा. परत मागत न्हाईत. आपलं आपुन राखायचं. अकरा वर्सं झाली.”

“म्हणजे अकरा वर्षं तुमचं वेगळं आणि आईचं वेगळं.”

“व्हय.”

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. मला तिच्या एक क्षण आधी कळलं असेल, किंवा नंतर. आता आठवत नाही. एकाच बरणीतलं बी, दोन घरं, दोन मात्या, आणि निवडणाऱ्या दोन बायका. एकीची परीक्षक चिमणी, दुसरीचे नाना. असा प्रयोग आम्ही कागदावर मांडला असता तर त्याला एक तप लागेल म्हणून कुठल्याही समितीनं पहिल्याच बैठकीत परत पाठवला असता. इथं तो एका जिल्ह्यात, कुणाची मंजुरी न घेता, अकरा वर्षं चालला होता. शोभाताईंना अजून दोन मुली आहेत, एक राहात्याकडे आणि एक कर्जतकडे दिलेली. त्यांच्याही ओटीत बी गेलं होतं.

“मॅडम, आपण तीन वर्षं काय करत होतो?” वैशाली म्हणाली.

मग ती मोजायला लागली. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, ती सरीतून बाहेर आली नाही. सुनीता काठी धरून उभी, शोभाताई कणसांवरून टीका करत, बाळासाहेब आकडे लिहून घेत. नानांना खाटेवर बसवून तीन ताटांचा हुरडा दिला, आणि त्यांनी कोणत्याला मान हलवली तेही वैशालीनं वहीत टिपलं. दाण्याचा मऊपणा मोजायला पुण्यात एक यंत्र घ्यावं असं आम्ही प्रस्तावात लिहिलं होतं.

“पेरायला या ताई,” सुनीता तिला म्हणाली. “आमची वरली खोली रिकामीच हाय. काडनीपत्तुर ऱ्हावा.”

परत

शनिवारी सकाळी बस पकडायला आम्ही दोघी नेवासा फाट्यावर आलो. शोभाताई लेकीकडे आणखी चार दिवस राहणार होत्या. निघताना सुनीतानं वैशालीला पाटावर बसवलं होतं आणि तिच्या ओढणीत मूठभर ज्वारी घातली होती. वैशालीनं ओढणीला गाठ मारून ती मांडीवर धरली होती.

रसाची गुऱ्हाळं नुकती उघडत होती. बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, “मॅडम, पैसे येतील?”

असे प्रश्न विद्यार्थी विचारतात तेव्हा आम्ही ‘येतील की’ म्हणतो. मी वर्षभर तिला तेच म्हणत आले होते. मी स्वतः त्यावर विश्वास ठेवावा म्हणूनही म्हणत असेन.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. “आणि आले तरी ते जुन्या कामाचे येतील. हे नवीन काम आहे. त्याला एक नाही, दोन वर्षं लागतील. तू ती नोकरी घे. मी मनापासून सांगते.”

मी मनापासून सांगत होते, आणि तिनं ती घेऊ नये असंही मनापासून वाटत होतं. दोन्ही खरं होतं. तिनं ओढणीची गाठ पुन्हा घट्ट केली. मग फोन काढला आणि माझ्यासमोरच कंपनीच्या साहेबांना सांगितलं की आपल्याला जमणार नाही. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्यानं शुभेच्छा दिल्या. सगळं बोलणं मिनिटभरही चाललं नाही.

त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. आतापर्यंत तिचं काही बरंवाईट झालं तर ते दिल्लीच्या माथी मारता येत होतं. आता ते माझ्या गळ्यात होतं. नगरपर्यंत मी तिच्याशी नीट बोलू शकले नाही. ती मात्र माळीवाड्याच्या स्टँडवर दोन वडापाव खाऊन झोपली.

सोमवारी आम्ही राज्याच्या एका लहानशा योजनेचा अर्ज भरायला बसलो. मुदत मंगळवारची. संशोधकांची नावं या रकान्यात मी माझं लिहिलं, वैशालीचं लिहिलं, मग शोभाताई आणि सुनीता यांची पूर्ण नावं लिहिली. शिक्षण विचारलं होतं तिथं अनुक्रमे चौथी आणि दहावी, अनुभव विचारला होता तिथं जन्मभर आणि अकरा वर्षं. आमच्या कार्यालयातल्या कुलकर्णींनी वाचून चष्मा काढला. असं चालत नाही, म्हणाले. मी म्हटलं, परत आलं तर बघू.

शेवटच्या पानावर एक प्रश्न होता: निधी मंजूर झाल्यास प्रकल्प कधी सुरू करणार? मी तारीख शोधायला कॅलेंडर उघडलं. वैशाली शेजारी उभी होती, राहात्याच्या आणि कर्जतच्या मुलींचे फोन नंबर वहीत उतरवून घेत. तिनं वाकून वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि लिहिलं, “सुरू आहे.”